इन्फ्रारेडसाठी कॅमेरा शोधताय? आधी घरातली लेन्स तपासा

गेल्या महिन्यात मावसभावाचा रात्री साडेअकराला मेसेज, "दादा, इन्फ्रारेडसाठी कोणता कॅमेरा घेऊ? चाळीस हजारांपर्यंत जाऊ शकतो." त्याने माझे राजगडाचे फोटो बघितले होते, पांढरीशुभ्र झाडं आणि वर काळंभोर आकाश, आणि त्याला वाटलं की असा एखादा खास कॅमेरा मिळतो, तो घेतला की झालं. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण सहा वर्षांपूर्वी मी पण हाच प्रश्न घेऊन सुरुवात केली होती आणि क्रम सगळा उलटा लावला होता, आधी बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा), मग फिल्टर आणि लेन्सचा विचार सगळ्यात शेवटी. त्यात पैसे गेले, एक अख्खा ऑक्टोबर गेला. म्हणून म्हटलं नीट बसून लिहूनच काढू, त्यालाही पाठवता येईल आणि अजून कोणाला उपयोग झाला तर फारच छान.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. हा थर्मल कॅमेरा नाही. अंगाची उष्णता लाल-पिवळी दिसते ती वेगळी भानगड, तिथे ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी असतात आणि त्याला सेन्सरच वेगळा लागतो. आपण बोलतोय ते नियर इन्फ्रारेडबद्दल, म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ७०० नॅनोमीटरला संपतो तिथून पुढे ११०० पर्यंत. आपल्या रोजच्या कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर तिथपर्यंत बघू शकतो. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात लालच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला, तीच ही न दिसणारी बाजू. आणि झाडं पांढरी दिसतात त्याला वुड इफेक्ट म्हणतात, रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून, त्याने १९१० मध्ये असे फोटो छापले होते. बऱ्याच जणांना वाटतं की हरितद्रव्य चमकतं म्हणून पान पांढरं दिसतं, पण तसं नाही. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खातं पण इन्फ्रारेडला अडवतच नाही, आणि मग पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधली हवा यांच्यात तो प्रकाश इकडेतिकडे आपटून बराचसा परत बाहेर येतो. बर्फ पांढरा दिसतो तसंच काहीसं. पान आजारी पडलं की ही चमक कमी होते, म्हणूनच उपग्रहावरून पिकांची तब्येत बघताना हाच पट्टा वापरतात, आपला आयआरएस-१ए हा १९८८ साली गेलेला उपग्रहसुद्धा या पट्ट्यात फोटो काढायचा.

बरं, आता मुद्द्यावर. सेन्सर जर इन्फ्रारेड बघू शकतो तर रोजच्या फोटोत ते का दिसत नाही? कारण कंपनीने सेन्सरच्या पुढे एक काच बसवलेली असते, हॉट मिरर म्हणतात तिला, ती इन्फ्रारेड अडवते. ती नसती तर रंगांची वाट लागली असती. २००६ मध्ये लायकाचा एम८ आला तेव्हा त्यात ही काच फार पातळ होती, आणि लोकांनी लग्नात काढलेल्या फोटोंमध्ये काळे सिंथेटिक कोट जांभळट यायला लागले, शेवटी लायकाने ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर दिले. तर तुमच्या कॅमेऱ्यात ही काच किती कडक आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

ते तपासायचं कसं, तर टीव्हीचा रिमोट घ्या, खोलीत अंधार करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करून बटण दाबून ठेवा आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर द्या, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवा. रिमोटचा एलईडी बहुतेक वेळा ९४० नॅनोमीटरचा असतो. ठिपका चांगला उजळ आला तर काच ढिली, जेमतेम आला तर कडक. निकॉनचा डी७० हा २००४ चा कॅमेरा या बाबतीत एकदम ढिला होता, म्हणून जुन्या इन्फ्रारेडवाल्यांचा तो लाडका. त्यानंतरचे बहुतेक कॅमेरे कडक होत गेले.

माझी सुरुवात झाली कॅननच्या ४५०डी वर, २००८ चं मॉडेल, काकांनी दिलेलं, त्यावर १८-५५ एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येते ती. मी होयाचा आर७२ फिल्टर घेतला, म्हणजे साधारण ७२० नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवणारा, हातात धरला तर काळाच दिसतो, अगदी प्रखर उजेडाकडे धरला की गडद लाल. इथे एक कळकळीची सूचना, या फिल्टरमधून सूर्याकडे अजिबात बघू नका. डोळ्याला अंधार वाटतो म्हणून बाहुली मोठी होते आणि इन्फ्रारेड मात्र पूर्ण आत जातं, डोळ्याचा पडदा भाजू शकतो आणि भाजताना दुखतसुद्धा नाही. ग्रहणाच्या वेळी काळ्या झालेल्या रंगीत फिल्मच्या तुकड्यातून बघू नका सांगतात ते याच कारणासाठी, ती फिल्म डोळ्याला काळी दिसते पण इन्फ्रारेड आरपार सोडते. (पूर्वी लोक हाच तुकडा लेन्सपुढे लावून फुकटात इन्फ्रारेड फिल्टर करायचे.)

तर फिल्टर घेऊन मी गेलो मेणवलीला. वाईपासून जवळ, नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, वसईहून आणलेली ती मोठी घंटा. दुपारचे साडेबारा, रखरखीत ऊन, जेव्हा बाकीचे फोटोवाले हॉटेलात बसून जेवत असतात. इन्फ्रारेडला हीच वेळ छान असते, आणि मला या प्रकाराचं प्रेम वाटायचं ते एक मोठं कारण, की नोकरीवाल्या माणसाला पहाटे चारला उठायची गरज नाही, भरदुपारी कुटुंबासोबत फिरायला गेलो तरी काम होतं. पण फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, पूर्ण काळोख. म्हणजे आधी ट्रायपॉड, फ्रेम लावा, फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा, मग एक्स्पोजर. जिथे साध्या फोटोला १/२५० सेकंद पुरत होतं तिथे ८ ते १० सेकंद, कधी ३०. दगडी पायऱ्या सुंदर आल्या, बेसॉल्टचा तो काळा पोत, पाणी शाईसारखं काळं, पण वारा होता आणि वडाची पानं सगळी कापसासारखी पुसली गेली. एकदोन फोटोंत ते छान वाटतं, प्रत्येक फोटोत नाही.

तरीसुद्धा मी अजून म्हणेन की सुरुवात याच रस्त्याने करा. फिल्टरला फार पैसे लागत नाहीत, कॅमेऱ्याला काही धोका नाही, आणि दोन-तीन वेळा बाहेर जाऊन आलात की तुमचं तुम्हाला कळेल की हे तुम्हाला खरंच आवडतंय की फक्त दुसऱ्याचे फोटो बघायला आवडतायत. आणि फिल्टर घेताना तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या, लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग लावता येते, रिंग अगदी स्वस्त असते.

आता लेन्स. हे मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण इथेच मी फसलो. माझ्याकडे कॅननची ५० एमएम एफ/१.८ होती, सगळ्यांकडे असते, पोर्ट्रेटला लाडकी लेन्स. इन्फ्रारेडमध्ये तिने फोटोच्या बरोबर मध्यभागी एक फिकट गोल डाग दिला, जणू कोणी टॉर्च मारलाय. आधी मला वाटलं ऊन लेन्समध्ये शिरतंय, हूड लावलं, दिशा बदलली, लेन्स पुसली, पण डाग तिथेच. याला हॉटस्पॉट म्हणतात. लेन्सच्या काचांवरचं कोटिंग आणि नळीच्या आतला काळा रंग हे दोन्ही दिसणाऱ्या प्रकाशासाठी केलेलं असतं, आणि जो रंग आपल्या डोळ्याला काळाकुट्ट दिसतो तो इन्फ्रारेडमध्ये चक्क चमकू शकतो, मग प्रकाश आतल्या आत काचांवर, नळीवर, सेन्सरवर आपटत राहतो आणि मधोमध गोळा होतो. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, जितकं बंद कराल (एफ/ नंतरचा आकडा जितका मोठा) तितका डाग लहान आणि ठसठशीत होतो. एफ/४ ला दिसला नाही म्हणून खूश होऊ नका, एफ/११ ला बघा.

आणि यात लेन्सच्या किमतीचा काहीही संबंध नाही. माझी किट लेन्स, जी लोक बॉक्समधून काढून कपाटात ठेवून देतात, ती १८-५५, इन्फ्रारेडला एकदम स्वच्छ निघाली. निकॉनवाल्यांकडे पण त्यांची १८-५५ आणि डी७० सोबत यायची ती जुनी १८-७० या चांगल्या म्हणूनच ओळखल्या जातात. तर महागडी लेन्स हॉटस्पॉट देऊ शकते. नेटवर लेन्सच्या याद्या आहेत, कोलारी व्हिजन आणि लाइफपिक्सेल ही कॅमेरे बदलून देणारी अमेरिकेतली दोन नावं, त्यांच्या याद्या बघा, पण यादीवर पूर्ण विसंबू नका, कारण तीच लेन्स वेगळ्या बॉडीवर थोडी वेगळी वागते. स्वतः तपासा: साधं एकसारखं आकाश किंवा भिंत, एफ/५.६, ८, ११, १६ असे चार फोटो, कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी हे आधी केलं असतं तर दुसऱ्या एका वाइड लेन्सवर घालवलेले पैसे वाचले असते, ती मी फक्त इन्फ्रारेडसाठी घेतली होती आणि चार महिन्यांत विकली.

अॅपर्चर फार बंद न करायचं अजून एक कारण आहे. लहर जितकी लांब तितकं डिफ्रॅक्शन, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं, जास्त. एफ/८ ला हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण १०.७ मायक्रॉनचा ठिपका होतो, ८०० नॅनोमीटरला तोच १५.६ होतो. म्हणजे इन्फ्रारेडमध्ये एफ/८ वापरलं तरी फोटोच्या धारदारपणाच्या बाबतीत ते साध्या फोटोच्या जवळजवळ एफ/११ सारखं झालं. मी एफ/५.६ ते ८ च्या पुढे जात नाही. लँडस्केपवाल्यांना एफ/१६ ची सवय असते, ती इथे सोडावी लागते.

फोकसचं पण बघा. इन्फ्रारेड थोडं वेगळ्या जागी फोकस होतं, जुन्या मॅन्युअल लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका किंवा लाल रेघ असायची, तुमच्या वडिलांच्या लेन्सवर असेल तर बघा, फोकस केला की अंतराचा आकडा त्या लाल खुणेवर सरकवायचा. आताच्या लेन्सवर ती खूण नसते. आणि इथूनच बॉडीचा प्रश्न सुरू होतो.

सहा-आठ महिने ट्रायपॉडवर काढल्यावर मी ४५०डी कन्व्हर्ट करून घेतला. कन्व्हर्ट म्हणजे सेन्सरपुढची ती हॉट मिरर काढून तिथे ७२० ची काच बसवायची. झालं की मग एक्स्पोजर परत १/२०० सेकंद, हातात धरून फोटो, व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं स्वच्छ दिसतं कारण फिल्टर आता सेन्सरवर आहे, लेन्सवर नाही. पहिल्या दिवशी मी वेडा झालो होतो, पर्वतीवर जाऊन दोनशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर निम्म्यांचा फोकस मागे गेलेला. कारण डीएसएलआरमध्ये, म्हणजे ४५०डी सारख्या आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस करणारा सेन्सर खाली वेगळा असतो, तो साध्या प्रकाशावर फोकस करतो, आणि फोटो मात्र इन्फ्रारेडमध्ये निघतो. चांगला कारागीर हे जुळवून देतो, माझ्याने दिलं नव्हतं, आणि वर नव्या काचेखाली धुळीचे दोन कण राहिले होते जे प्रत्येक आकाशात दिसायचे. परत पाठवलं, सहा आठवडे गेले, ऑक्टोबर संपला. सह्याद्रीत ज्याने इन्फ्रारेड केलंय त्याला कळेल याचा अर्थ काय, पाऊस संपलेला, डोंगर अजून हिरवे, आकाश धुतलेलं, पांढऱ्या ढगांचे पुंजके, हे सगळं एकत्र त्या पाच-सहा आठवड्यांतच मिळतं.

म्हणून कन्व्हर्ट करायला देताना आधीच विचारा आणि लेखी घ्या: फोकस जुळवून देणार का आणि माझीच लेन्स पाठवली तर तिच्यावर जुळवणार का, नव्या काचेला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग आहे का, आणि परत करताना एफ/१६ ला काढलेला एक कोऱ्या भिंतीचा फोटो देणार का म्हणजे धूळ तिथेच दिसेल. परदेशात पाठवणार असाल तर कस्टम्सचा खर्च आणि कागदपत्रं धरून हिशोब करा, मला इथेच करून घेणं परवडलं. आणि यूट्यूब बघून स्वतः उघडायला जाऊ नका, निदान फ्लॅश असलेला कॅमेरा तरी नाही. फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज धरून ठेवतो, बॅटरी काढली तरी, आणि तो झटका साधा नसतो.

फोकसची ही सगळी कटकट मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, राहतच नाही, कारण फोकस, मीटरिंग (उजेड मोजणं) आणि फोटो सगळं एकाच सेन्सरवर, जे त्याला दिसतं त्यावरच तो फोकस करतो. डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) वापरला तरी हेच होतं, पण दर वेळी लाइव्ह व्ह्यू लावायचा तर मग आरसा हवाच कशाला. दुसरं म्हणजे मिररलेसच्या स्क्रीनवर तुम्हाला इन्फ्रारेडच दिसतं. हे मला आधी एवढं महत्त्वाचं वाटलं नव्हतं पण हातात आल्यावर कळलं. समोरच्या बाईची काळी साडी इन्फ्रारेडमध्ये राखाडी येणार की पांढरी की काळीच राहणार हे डोळ्याने सांगता येत नाही, ते रंगावर नाही, रंग कशाने दिलाय त्यावर आहे. चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, डोळ्यांच्या बाहुल्या खोल काळ्या होतात. स्क्रीनवर आधी दिसलं की माणूस ठरवू शकतो की हा फोटो काढायचा की नाही. (कपड्यांबद्दल लिहिलंय म्हणून सांगतो, काही पातळ कापडं इन्फ्रारेडमध्ये थोडी आरपार दिसू शकतात, तेव्हा लोकांचे फोटो विचारूनच काढा, आणि तसं काही दिसलं तर डिलीट करा.)

तर मी शेवटी जुना कॅनन ईओएस एम घेतला, २०१२ चा, १८ मेगापिक्सेल, सेकंडहँड, आणि अॅडॉप्टर लावून त्यावर माझी तीच १८-५५. हा कॅमेरा मी फुल स्पेक्ट्रम करून घेतला, म्हणजे हॉट मिररच्या जागी साधी पारदर्शक काच, आणि कोणती लहर हवी ते लेन्सवरच्या फिल्टरने ठरवायचं. मिररलेसवर हे जमतं कारण फिल्टर काळा असला तरी स्क्रीनवर दिसतं. डीएसएलआर फुल स्पेक्ट्रम केला तर परत व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख, म्हणजे पहिल्या दिवसाच्या त्रासात परत. त्यामुळे माझं मत असं की डीएसएलआर असेल तर एकाच लहरीची काच आत बसवा, मिररलेस असेल तर फुल स्पेक्ट्रम. आणि फुल स्पेक्ट्रमवर बाहेरून हॉट मिरर फिल्टर लावला की तो परत साधा कॅमेरा होतो, रंग अगदी शंभर टक्के नाही जुळत पण घरगुती फोटोंना चालतं.

ईओएस एम ची एक अडचण, त्याला व्ह्यूफाइंडर नाही, फक्त मागची स्क्रीन, आणि आपण तर भरदुपारी फोटो काढणारे. मी पिशवीत एक काळं उपरणं ठेवतो, डोक्यावरून घेऊन स्क्रीन बघतो, जुन्या स्टुडिओवाल्यांसारखं. आता नव्याने घेणाऱ्याला मी सांगेन की थोडे जास्त पैसे घालून व्ह्यूफाइंडर असलेला मिररलेस बघा, सोनीचा ए६००० हा २०१४ चा कॅमेरा सेकंडहँड बाजारात भरपूर दिसतो आणि कन्व्हर्ट करणाऱ्यांनाही सवयीचा आहे. नवा कोरा कॅमेरा यासाठी घेऊ नका, कन्व्हर्ट केला की वॉरंटी गेली आणि विकायला गेलात तर गिऱ्हाईक पण मोजकंच. तयार इन्फ्रारेड कॅमेरे आलेले आहेत, फुजीफिल्मने २०१५ मध्ये एक्स-टी१ आयआर काढला होता पण तो मुळात पोलीस तपास आणि संशोधनवाल्यांसाठी. सिग्माच्या एसडी कॅमेऱ्यांमध्ये ही काच आपली आपल्याला काढता येते, फार हुशारीचं डिझाइन, पण ते कॅमेरे आणि त्यांच्या लेन्स आपल्याकडे मिळणं अवघड.

आता कोणती लहर. हे तुमच्या आवडीवर आहे आणि इथे कोणी कोणाला चूक म्हणू नये. ५९० नॅनोमीटरला दिसणारा नारिंगी-लाल प्रकाश पण आत येतो त्यामुळे रंग भरपूर, पानं सोनेरी-पिवळी आणि आकाश निळं करता येतं. ६६५ ला थोडे कमी. ७२० ला रंग अगदी हलके, पण ब्लॅक अँड व्हाइट सुंदर. ८३०-८५० ला रंग शून्य, कारण तिथे सेन्सरवरचे लाल-हिरवे-निळे तिन्ही फिल्टर जवळजवळ सारखेच पारदर्शक होतात, मिळतं ते शुद्ध काळं-पांढरं, आणि कॉन्ट्रास्ट जबरदस्त. सोनेरी झाडं मला पाच फोटोंनंतर कंटाळवाणी वाटायला लागली, किल्ल्यांना तर ती शोभतच नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्याचा कातळ काळा, त्यावर उगवलेलं गवत चांदीसारखं, मागे आकाश जवळजवळ काळं, तिथे रंगाची गरजच नाही. बायकोला मात्र ५९० आवडतं आणि मुलीच्या वाढदिवसाला सारसबागेत काढलेले सोनेरी झाडांचे फोटो घरात फ्रेम करून लावलेत, आणि ते तिथे छानच दिसतात. ठरत नसेल तर ७२० घ्या, त्यातून दोन्हीकडे थोडं थोडं जाता येतं.

आकाश काळं का होतं याचं कारण पण छान आहे. हवेचे रेणू छोट्या लहरी जास्त विखुरतात, ४५० च्या निळ्याच्या मानाने ७५० चा प्रकाश जवळजवळ आठपट कमी विखुरतो, म्हणून आकाशातून इन्फ्रारेड फारसं येतच नाही. याच कारणाने दूरचे डोंगर पण स्वच्छ दिसतात, राजगडावरून तोरणा हात लावावा इतका जवळ वाटतो. पण हे फक्त कोरड्या धूसरपणाला लागू, पावसाळी धुक्याला नाही. धुक्याचे थेंब लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळंच सारखं विखुरतात. जुलैत हरिश्चंद्रगडावर जाऊन इन्फ्रारेडमधून कोकणकडा दिसेल अशी आशा ठेवू नका, मी ठेवली होती आणि फक्त पांढरं मिळालं.

एडिटिंगबद्दल थोडक्यात, कारण कॅमेरा निवडताना त्याचा संबंध येतो. रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा जपणाऱ्या फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरं कशाला मानायचं ते) हिरव्या गवताचा फोटो काढून त्यावर सेट करा, कॅननच्या माझ्या दोन्ही बॉडींनी तो मुकाट्याने घेतला, काही कॅमेरे एरर देतात, म्हणून सेकंडहँड घेताना विक्रेत्यासमोरच करून बघा. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये याच बॅलन्सचं टेंपरेचर २००० केल्विनच्या खाली जात नाही आणि इन्फ्रारेडला ते पुरत नाही, फोटो लालच राहतो, त्यासाठी अॅडोबीचा डीएनजी प्रोफाइल एडिटर फुकट मिळतो, त्यात एकदा आपल्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवून ठेवायचं. निळं आकाश हवं असेल तर चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल करायची. आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा दाखवणारा कॅमेरा हवा, कारण लाल चॅनल सगळ्यात आधी जळतो आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये ते कळत नाही.

अजून एक, जे मी कॅमेरा घेताना डोक्यातही आणलं नव्हतं. गावच्या घरी आजीच्या ट्रंकेत मोडीतले काही कागद होते, जमिनीचे असावेत, पाणी लागून त्यावर मोठे तपकिरी डाग पडलेले, आणि डागाखालची अक्षरं वाचताच येत नव्हती. जुनी शाई काजळीची असेल तर ती कार्बनची, आणि कार्बन इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो, उलट पाण्याचे असे डाग बऱ्याचदा फिके होतात किंवा गायबच होतात. म्हणून गेल्या दिवाळीत ते कागद टेबलावर पसरले आणि ८५० चा फिल्टर लावला. पहिला फोटो पूर्ण काळा. दुसराही. मग लक्षात आलं की घरात सगळे एलईडी बल्ब, आणि पांढऱ्या एलईडीतून इन्फ्रारेड जवळजवळ निघतच नाही. माळ्यावरून जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब शोधून काढला, तो तापून जितका उजेड देतो त्यापेक्षा कितीतरी जास्त इन्फ्रारेड देतो, दोन बाजूंनी दोन बल्ब, ट्रायपॉड उलटा, १८-५५ पंचावन्नवर, एफ/८. स्क्रीनवर डाग विरघळल्यासारखे झाले आणि खालून ओळी वर आल्या, सलग, टाकाने ओढलेल्या. आई शेजारी उभी होती, तिला मोडी येत नाही, मलाही येत नाही, तरी आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. वाचणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे ते फोटो दिलेत, निम्मे वाचून झालेत, त्यात पणजोबांच्या वडिलांचं नाव निघालं जे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

तर मावसभावाला मी चाळीस हजार सध्या बँकेतच ठेवायला सांगितलेत. त्याच्याकडे निकॉनचा एक जुना डीएसएलआर आणि १८-५५ पडून आहे. माझा आर७२ कुरियर केला, ५८ मापाचा, सोबत ५२ वरून ५८ ची रिंग, आणि सांगितलं की आधी रिमोटचा फोटो, मग भिंतीचे चार फोटो, मग ऊन बघून गावाबाहेर एक चक्कर, आणि ते आवडलं तर सेकंडहँड मिररलेस मी तुझ्याबरोबर येऊन बघतो. काल रात्री भिंतीचे फोटो आले. एफ/११ पर्यंत स्वच्छ आहे, डाग नाही. रविवारी तो नदीवर जातोय, दुपारी बाराला, त्याच्या आईने टोपी घालून जा म्हणून मलाच फोन केला.